मास्तरांच्या बाजेवर कोण झोपणार होतं

फ्रेमची खरी किंमत मला या आठवड्यात कळली.

लाकूड, काच, खिळे, मजुरी.
आणि चारी बाजूंनी अर्धा इंच चित्र.

मास्तरांना जाऊन आज वर्ष झालं.

देवळाली प्रवराच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. मूळचे राजूरकडच्या डोंगरातले. मी नगरमधला फ्रेमवाला. सायकलच्या कॅरियरला काचा बांधून सुरुवात केली, आज दोन मजली दुकान आहे. माझे कान तिखट. गिऱ्हाईक "बघू" म्हणालं, की ते घेणारं "बघू" आहे का टाळणारं, मला पायरीवरच कळतं.

आणि मी सगळ्यांना ऐकवायचो, मास्तरांचं प्रत्येक चित्र जगात सगळ्यात आधी मी पाहतो.

चित्रात काय, तर एक बाज.
सुंभाची. वर गोधडी अंथरलेली, उशाला पाण्याचा तांब्या.

कधी प्रवरेच्या पाण्यावर उभी. कधी उसाच्या तुऱ्यांवर. एकदा तर विजेच्या तारांवर, चिमण्यांच्या रांगेत.

तीस वर्षं बाज तीच. झोपणारा कुणी नाही.

शिकलेले लोक म्हणायचे, हा सर्रिअलिझम. माझा कारागीर अन्वर म्हणायचा, "मास्तर, बाज चढवली तारंवर, आता मानसाला लिफ्ट काढा की!"

मास्तर हसायचे.

मी खोदून विचारायचो, "खरं सांगा, बाज कुणाची? झोपणारा कुठाय?"

"येतोय की."

"तीस वर्षं?"

"लई लांबनं येतोय, शेठ. तू आपली फ्रेमची पट्टी बारीक लाव."

दर वेळी हेच. पट्टी बारीक लाव.

दर वेळी मी जाड लावली.

कारण चित्राच्या उजव्या कडेला, अगदी टोकाला, लाल रंगाचा एक फटकारा असायचा. मला वाटायचं, मास्तर तिथं ब्रश पुसतात. आमच्या धंद्यात कडेची घाण पट्टीखाली घालतात. त्यालाच सफाई म्हणतात.

वर मीच म्हणायचो, "मास्तर, बारीक पट्टी सर्टिफिकेटला. तुम्हाला जाडच शोभते."

ते तयार फ्रेमवरून बोट फिरवायचे. उजव्या बाजूला जरा थांबायचे.
"बरं," म्हणायचे.

सोमवारी त्यांची मुलगी सुनंदा शेवटचं चित्र घेऊन आली. मास्तरांना ती दादा म्हणायची. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचं होतं.

बाज या वेळी साध्या अंगणात. मी सवयीनं उजव्या कडेला पट्टी धरली आणि हात थांबला.

लाल फटकारा या वेळी बोटभर उंच होता.
त्याला पाय होते. हातात पिशवी होती.

सुनंदानं चित्र उजेडाकडं धरलं. मग म्हणाली, "काका, हे शंकरनाना. दादांचा धाकटा भाऊ. आजी सांगायची, लाल स्वेटर घालून राजूरच्या बाजाराला गेला, तो परत आलाच न्हाई. आजी होती तोवर रोज त्याची बाज टाकायची. दादा मात्र त्याचं नाव काढू द्यायचे न्हाईत."

मास्तरांच्या घरी आणखी अकरा चित्रं होती. सगळी दुकानात आणवली. अन्वरनं खिळे काढले. काचा उतरवल्या. मी भिंग घेऊन बसलो.

अकराच्या अकरा.

पट्टीखाली नखाएवढा लाल स्वेटर. एक पाय चित्राच्या आत टाकलेला. तोंड बाजेकडं.



मास्तर, शेवटच्या चित्राला मी पट्टी लावलेली नाही. उघडंच टांगलंय. नानांची वाट मोकळी आहे.

मास्तरांची चित्रं ज्यांच्या घरी असतील, त्यांनी दुकानात आणावीत. बारीक पट्टी लावून देतो. पैसे घेणार नाही.

बरं या, मास्तर. नमस्कार.

सगळ्यात आधी मी पाहतो, असं सांगत फिरलो तीस वर्षं.
एकही चित्र पूर्ण पाहिलं नव्हतं.