शुक्रवारची यादी

"पयल्यापासून ऐक. भाकरीला मधेच भोक पारून खातंस काय?"

कैलास भोईर माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. उरणच्या कंटेनर यार्डात नोकरीला लागून मला चारच दिवस झाले होते. कानात इअरफोन घालून डबा खात होते आणि मोबाइलवर एक नवा अल्बम ऐकत होते. आवडलं नाही की पुढचं गाणं, तेही नाही आवडलं की त्याच्या पुढचं. समोरच्या बाकावर पिवळं जाकीट घातलेला पंचेचाळिशीचा रुंद माणूस सुक्या बोंबलाचा तुकडा हातात धरून माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं.

"मना काय करायचं नाय. ज्यानं ती गानी एकामागं एक लावली, त्यानं कशाला लावली तेवरं इचार कर."

मी सानपाड्यात वाढलेली. वडील साताऱ्याहून येऊन बँकेत लागलेले, फ्लॅट, क्लास, इंजिनिअरिंग. पंक आणि इमो, ही ओरडून गायची रॉक गाणी, हे माझं खासगी बंड होतं आणि यार्डातल्या एका सर्व्हेयरने मला त्यात अक्कल शिकवावी, याचा मला मनापासून राग आला. तो राग नंतर कमी झाला, पण गेला असं कधीच झालं नाही.

कैलासदादा बोनकोड्याचा. कोपरखैरणे वसलं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं ते गाव. त्याच्या घरची शेतं सरकारने नव्या शहरासाठी घेतली, ती सेक्टरांखाली गेली, दोन्ही भाऊ बिल्डर झाले, त्यांनी गावात पाच-पाच मजले चढवले. याने मात्र यार्डातली नोकरी धरली. परत आलेले रिकामे कंटेनर तपासायचे, कुठे पोचा आहे, कुठे पत्रा गंजलाय ते सांगायचं, हे त्याचं काम. तो आत शिरून दार ओढून घ्यायचा आणि अंधारात उभा राहायचा. पत्र्याला भोक असेल तर उजेड आत येतो. बाहेर येऊन तो बोलायचा, मी रिपोर्ट टाइप करायचे. तरुणपणी एका फिलिपिनो खलाशाने त्याला एक कॅसेट दिली होती. त्या कॅसेटवर कोण ओरडत होतं हे त्याला वर्षभर कळलं नाही. "पन भडकलेला हाय, हे कललं," तो म्हणायचा. "घरात माझ्याशिवाय कोनीच भडकलेला नव्हता. सगल्यांना पैशे आलेले."

दर शुक्रवारी, नवे अल्बम येतात त्या दिवशी, तो साठेक जणांच्या ग्रुपवर यादी टाकायचा. बोलायचा आगरी बोलीत, पण लिहायचा शाळेच्या वहीसारखं शुद्ध मराठी. आधी न ऐकण्याचे अल्बम, मग ऐकण्याचे. "पुण्याचा बँड. दुःख नवीन, कपडे त्याहून नवीन. ऐकू नका." "मोठ्या कंपनीने आणलेला राग. झाकण घट्ट बसवले आहे. ऐकू नका." आणि खाली एक किंवा दोन. "इंडोनेशियाच्या तिघी. ड्रमवाली चुकते. चुकली की आणखी जोरात मारते. ऐका." "पोलंडचा बँड. भाषा कळत नाही. बाप मेला आहे एवढे कळते. ऐका." "शिलाँगचा एकटा मुलगा, पंचवीस मिनिटे. आत्तापर्यंत चाळीस जणांनी ऐकला, त्यात नऊ वेळा मी. ऐका."

त्याने 'ऐका' म्हटलेलं वाया गेलं असं मला एकदाही आठवत नाही. पोलंडचा तो अल्बम ऐकून मी ऑफिसच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले होते. सोमवारी त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, "रडलीस ना? झालं मग. आता तारीफ नको करू, माझी जेवनाची येल हाय." कौतुक करणाऱ्याला तो असाच तोडायचा. ग्रुपमधल्या कोणी "वा दादा!" लिहिलं तर त्याला काढून टाकायचा. पंक आणि इमोत फरक काय, असं मी एकदा विचारलं. "पंक मंजे दुसऱ्याव भडकनं. इमो मंजे आपल्याव भडकनं. दोनी येत नसतील त्यानं भजनात बसावं."

माझा स्वतःचा बँड होता. मी गायचे आणि गिटार वाजवायचे, शाळेतला मित्र मंदार ड्रमवर, त्याची बायको शाल्मली बेसवर. नाव 'लिफ्ट बंद आहे'. मंदारच्या बेडरूमच्या खिडक्यांना गाद्या लावून आम्ही वर्षभरात सात गाण्यांचा अल्बम केला. पहिली सहा आमची होती: सोसायटीच्या मीटिंगा, परीक्षा, एक मोडलेलं लग्न. सातवं वेगळं होतं.

एका दुपारी जेवताना कैलासदादाने त्याच्या जना आत्याची गोष्ट सांगितली होती. तिचं शेत होतं तिथे आता सेक्टरची बाग आहे. आत्या रोज तिथे जाऊन बसते. एकदा वॉचमनने तिला अडवलं. दुपारी बाग बंद असते, बाहेर हो, म्हणाला. "ती बोल्ली, माझा बांध हितं होता, मी बांधाव बसले." एवढं सांगून झालं आणि जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. तो उठून गेला. मी ते वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवलं.

सातव्या गाण्यात मी आत्या झाले. 'माझा बांध हितं होता' हे धृपद. शेवटच्या कडव्यात आत्या बंद फाटकाबाहेर बसून रडते, आणि मी तिच्या आवाजात रडत जाते. मंदार म्हणाला, हे सगळ्यात भारी झालंय. अल्बम आला तो शुक्रवार मी श्वास रोखून काढला. संध्याकाळी यादी आली.

"लिफ्ट बंद आहे. सात गाणी. सहा कच्ची, पण स्वतःची. सातवे चोरीचे. ऐकू नका."

सोमवारी मी यार्डात शिरले ती थेट त्याच्यासमोर उभी राहिले. "चोरीचं म्हणजे काय?"

"कोनाला इचारलंस?"

"गोष्ट तुम्हीच सांगितलीत. सगळ्यांसमोर, जेवताना."

"तुना ऐकाला सांगली. अंगाव घालून फिराला नाय सांगली."

"आत्याची गोष्ट काय तुमच्या एकट्याच्या मालकीची? ती सगळ्यांची आहे, दादा. लोकांपर्यंत जायला नको?"

"जमीन घेतली तवा पन असंच बोल्लेले. सगल्यांची हाय. सगल्यांसाठी हाय." मग हातातली वही मिटत म्हणाला, "आनि रडवलंस तिला. माझ्या आत्याला."

मला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याला एकेरीत बोलले. "तू आयुष्यात एक तार तरी छेडलीस का रे? नुसता बसून दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवतोस."

तो वही घेऊन कंटेनरकडे निघून गेला. तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहिताना हात जड झाला नसता. त्याच दुपारी मी खिडकीतून त्याचा फोटो काढला: हेल्मेट, पिवळं जाकीट, सुटलेलं पोट, पुढ्यात सुका बोंबील, कानात इअरफोन, डोळे मिटलेले. फोटोशेजारी त्याची यादी लावली आणि वर लिहिलं, 'पंक म्हणजे काय हे आता हे काका ठरवणार.' मुंबई-पुण्यातले बँडवाले एकमेकांना वाचतात त्या इंटरनेटवरच्या पानावर टाकून दिलं.

दोन दिवसांत तो फोटो सगळीकडे होता. कोणी त्याच्या हेल्मेटवर पंकवाल्यांचे उभे रंगीत केस चढवले, कोणी 'काका, बोंबील पंक की इमो?' असं लिहिलं. ज्यांचे अल्बम त्याने झोडपले होते ते सगळे जमले. काही जण नुसती टिंगल करायला ग्रुपमध्ये शिरले. मी ते वाचत होते आणि मला बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. फार बरं वाटत होतं. शुक्रवारी यादी आली नाही. पुढच्या शुक्रवारी ग्रुपच नव्हता.

यार्डात तो कामापुरतं बोलायचा. "डावीकडं पोचा. लिव." मी लिहायचे. डबा तो आपल्या गाडीत बसून खाऊ लागला.

तीन महिन्यांनी कोपरखैरण्यात, एका क्लासच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आमचा कार्यक्रम होता. तीस-चाळीस पोरं. सहावं गाणं संपताना दार उघडलं आणि कैलासदादा आत आला. त्याच्याबरोबर गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, पंचाहत्तरीची, ताठ म्हातारी. त्याने प्लॅस्टिकची खुर्ची उचलून अगदी पुढे, माझ्यासमोर ठेवली आणि तिला बसवलं. आपण भिंतीशी उभा राहिला. ती कोण हे सांगायची गरज नव्हती. शाल्मली माझ्या कानात म्हणाली, "सोडून देऊ या हे गाणं." मी नाही म्हटलं. सोडलं तर तो जिंकला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी गायले. शेवटच्या कडव्यात नेहमीसारखी रडले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी उठली आणि माझ्याजवळ आली.

"गान्यातली ही बाई कोन?"

"आजी, तुम्ही. तुमचंच गाणं आहे."

"मी?" ती मागे वळून पुतण्याकडे बघून हसली, मग पुन्हा माझ्याकडे वळली, आता हसत नव्हती. "मी कवा रडले गो? मी त्या वाचमनला इचारलं, तुझ्या बापानं नांगर धरला होता काय हितं? तरी हात धराला आला. मंग चप्पल काढली नि हानली. तो पलाला. मी बसले संध्याकालपर्यंत. रोज बसते. मना कोन रडवतो?"

हॉलमध्ये कोणीतरी शिट्टी वाजवली. भोंग्यामुळे अर्धी राहिलेली गोष्ट मी विचारून पूर्ण करायला हवी होती. ते न करता मी माझ्या मनाने पूर्ण केली होती, आणि चप्पल मारणाऱ्या बाईला फाटकाबाहेर बसवून रडवलं होतं. इतकी वर्षं पंक ऐकून.

कैलासदादाने आत्याचा हात धरला. जाताना माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद असता तर मला सोपं गेलं असतं. नुसता कंटाळा होता.

ते गाणं मी अल्बममधून काढलं, तो फोटोही हटवला. हटवून काही उपयोग नव्हता. तो शंभर ठिकाणी होता. महिन्याभराने धीर करून एकटीच बोनकोड्याला गेले आणि आत्याला विचारलं, तुमचं तुम्हीच बोलाल का? ती ओट्यावर बसून एका दमात बोलली, शिव्यांसकट. मी ते रेकॉर्ड केलं, मंदारने त्यामागे ड्रम वाजवले, मी तोंड उघडलं नाही. दोन मिनिटांचं गाणं. आत्याला ऐकवलं तेव्हा ती खूष झाली. मी न राहवून विचारलं, "दादांनी ऐकलं?"

"ऐकला. बोलला, आवाज आत्याचा हाय. बाकीच्यांनी ढोल वाजवून घान केली."

एप्रिलमध्ये त्याने उरणची नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, माझ्या टेबलापाशी येऊन डबा पुढे धरला. मी पेढा घेतला. "दादा, यादी परत चालू करा," मी म्हटलं. माफी मागायची होती. तोंडातून हे निघालं.

"कोनासाठी?" तो म्हणाला आणि डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला.

दर शुक्रवारी आता जगभरातून शेकडो अल्बम येतात. मी चाळत बसते. त्यातल्या कुठल्यातरी एका अल्बममध्ये कोणीतरी बंदरावरच्या गावातली मुलगी चुकतेय आणि आणखी जोरात वाजवतेय, हे मला ठाऊक आहे. ती मला सापडत नाही.

परवा वाशीच्या भाजी मार्केटबाहेर तो दिसला. हातात मेथीची जुडी, कानात इअरफोन, रस्ता ओलांडायला थांबलेला. मान हलत होती. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. काय ऐकताय, एवढंच विचारायचं होतं. त्याने मला पाहिलं, इअरफोन काढला नाही, आणि गाड्या थांबल्यावर रस्ता ओलांडून गेला.