ताटातली चावी

नाना कधी कुणाला काही विचारत नसत. धुळ्याच्या आमच्या घरात भिंतींचा रंग, माझी शाळा, ताईसाठी आलेलं स्थळ, सगळं त्यांचं आधी ठरायचं आणि आम्हाला जेवताना कळायचं. म्हणून एका रविवारी ते फोनवर म्हणाले, "गाडी ठेवायची की विकायची, तूच ठरव. घाई नाही," तेव्हा मी जळगावच्या एसटीडी बूथमधून बाहेर आले ती जरा ताठ चालतच.

गाडी म्हणजे त्यांची जुनी पांढरी मोटार. ऑफिसची जीप मिळाल्यापासून ती दारात उभी असायची. नरडाण्याच्या रस्त्यावर नानांनीच मला ती चालवायला शिकवली होती. मी एम.एस्सी.ला जळगावात खोली घेऊन राहिले तेव्हा तीही माझ्याबरोबर आली. माझा प्रकल्प केळीच्या पानांवरच्या रोगाचा. एरंडोलकडच्या मळ्यांतून पानं आणायची तर एसटीत ती चेंगरून कोमेजून जात. गाडीत मागच्या सीटवर ओल्या गोणपाटात नीट यायची.

घरमालक मात्र रोज टोमणा मारायचे, "शिकायला आली आहेस की बदलीवर?" गाडीही काही कमी नखऱ्याची नव्हती. थंडीत वर्गातल्या मुलींनी धक्का मारल्याशिवाय ती हलत नसे, आणि धक्का मारल्याच्या बदल्यात त्यांना पद्मालयाच्या गणपतीला फिरवून आणावं लागे. पेट्रोल भरलं की महिन्याचं नाटक-सिनेमा बंद. मी खरंच खूप विचार केला. दर रविवारी फोनवर नाना विचारत, "मग, काय विचार?" मी दोन्ही बाजू मांडायची आणि ते मध्ये न बोलता ऐकून घ्यायचे. इतकं त्यांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं. गाडीपेक्षा मला त्या ऐकण्याचंच अप्रूप होतं.

ताईच्या साखरपुड्याला मी गाडी घेऊन धुळ्याला गेले. होणारे भाऊजी दुपारी अंगणात आले, गाडीभोवती फिरले. मी हौसेने सगळं दाखवलं. दुसरा गिअर अडतो, क्लच दोनदा दाबायचा. सकाळी चोक ओढून थोडं थांबायचं. त्यांनी मागच्या सीटवरच्या काळपट डागावर बोट ठेवलं. "केळीचा चीक आहे," मी म्हटलं, "जन्मात निघायचा नाही." ते हसले. रात्री मी ताईला सांगितलं, माणूस चांगला आहे, सगळं लक्ष देऊन ऐकतो. ताईने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. लाजली असेल, असं मला वाटलं.

लग्नापर्यंत माझं ठरलं होतं. गाडी ठेवायची. संध्याकाळी एक शिकवणी धरायची आणि पेट्रोलचं आपलं आपण बघायचं. लग्न आटोपलं की नानांना सांगणार होते. लग्नाच्या सकाळी मीच गाडी धुतली, मीच तिला झेंडूच्या माळा बांधल्या.

दुपारी पंगतीत नवरदेव रुसले. ताट वाढलेलं, उदबत्ती लावलेली आणि ते हात मांडीवर ठेवून गप्प. आमच्याकडे ही रीतच आहे. नवरदेवाने रुसायचं, काहीतरी मागायचं, सासऱ्याने हो म्हणायचं, मग पहिला घास. माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याने म्हैस मागितली होती आणि मामाने भर मांडवात दिली होती. ती म्हैस शेवटपर्यंत मामाच्याच गोठ्यात होती. त्यामुळे नवरदेवाचे मामा जेव्हा म्हणाले, "जवाईले गाडी पाहिजे," तेव्हा सगळ्यांच्या आधी मी हसले. नाना माझ्याकडे बघत होते. मी करवली, मान माझाच. कमरेची चावी काढली आणि नवरदेवाच्या ताटात जिलबीशेजारी ठेवली. टाळ्या पडल्या. भाऊजींनी चावी खिशात टाकली आणि जेवायला लागले.

निघताना ताई माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की मला तिला सावरावं लागलं. भाऊजींचा एक चुलतभाऊ गाडी चालवत होता. पोचवून परत येईल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी मला जळगावला निघायचं होतं, म्हणून आईला विचारलं, गाडी कधी येईल? आईने कोठीच्या खोलीतून एक बोचकं आणून माझ्यापुढे ठेवलं. आत माझी पुस्तकं, मळ्यातले बूट, पानं कापायची कात्री, गोणपाटसुद्धा धुऊन घडी घातलेलं. गाडीत होतं ते सगळं.

"हे कधी काढलं?"

"सकायले. तू आंघोयले गयती तव्हय."

म्हणजे पंगतीच्या आधी. आई खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "साखरपुडामाच ठरेल व्हतं, बेटा. बठ्ठासले माहीत व्हतं. तुले सांगं असतं ते तू लगीनमा तोंड पाडीसन बसती."

बठ्ठासले. सगळ्यांना. ताईला, आईला, नवरदेवाच्या मामांना. भाऊजी गिअर समजून घेत होते ते त्यासाठीच. आणि साखरपुड्यानंतरही प्रत्येक रविवारी नाना मला "काय विचार?" म्हणून विचारत राहिले, मी पेट्रोल आणि केळीची पानं सांगत राहिले. गाडी गेल्याचं दुःख मी आठवड्यात गिळलं असतं. ताईसाठी मागितली असती तर रडत का होईना, दिलीही असती. पण मला विचारल्याचं सोंग केलं, आणि देण्याचं सोंग माझ्याच हातून करवून घेतलं, हे मला आजही सहन होत नाही.

नाना स्टँडवर सोडायला आले. बोचकं त्यांनी स्वतः उचलून एसटीत माझ्या मांडीवर ठेवलं. गाडीबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या रविवारी मी फोन केला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनीच घरमालकांकडे केला. प्रकल्प कसा चाललाय, जेवण कसं आहे, असं विचारून झालं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "परीक्षेनंतर पुढे शिकायचं की नोकरी बघायची, काय विचार? तूच ठरव."

मी म्हटलं, "नाना, तुमचं काय ठरलंय ते सांगा."

नानांनी फोन आईकडे दिला.