जावयाने केलेली डॉक्टर

चूक एका शब्दाची होती. बोरी अरबला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, मेव्हण्याच्या मुलीचं साक्षगंध होतं. उन्हाळा, मांडवात पंखा एकच आणि तोही नवरदेवाच्या दिशेने. पंगतीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांनी विचारलं, "जवाईबापू, पोरगी काय शिकून राह्यली?"

माझी मुलगी पुण्याकडच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात पब्लिक हेल्थ शिकते. हे वाक्य मी तोवर यवतमाळात इतक्या जणांना सांगितलं होतं की पुढचे प्रश्न मला पाठ होते. आर्ट्स म्हणजे बी.ए.च ना? मग त्यात हेल्थ कुठून आलं? हेल्थ आहे तर दवाखाना कधी टाकणार? यातल्या एकाचंही उत्तर मला धड येत नव्हतं. मुलगी फोनवर सांगायची, बाबा, आज साथींचा इतिहास शिकलो, उद्या संख्याशास्त्राची परीक्षा आहे, दुपारी कवितेचा तास होता. मी "बरं बरं" म्हणायचो. त्या दिवशी हातात वरणभाताचा घास होता, घामाने सदरा पाठीला चिकटला होता, आणि मी कंटाळून म्हणालो, "डॉक्टरकी."

पाहुण्यांनी मान हलवली आणि जेवू लागले. विषय मिटला, असं मला वाटलं. मागे वाढायला उभ्या असलेल्या सासूबाईंच्या हातातलं भांडं मात्र तिथेच थांबलं होतं.

दिवाळीत मुलगी घरी आली ती शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेऊन. एखाद्या गावातल्या एका गल्लीत पाणी साठवायची भांडी पाहायची, डासांच्या अळ्या सापडतात का ते बघायचं, आणि लोक आठवड्याला भांडी रिकामी करून का घासत नाहीत ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. सुट्टीत हे झालं नाही तर पदवी वर्षभर लांबणार. तिने आजीची गल्ली निवडली. "ओळखीचे लोक आहेत बाबा, दार तरी उघडतील." बायकोने मला रजा टाकायला लावली, स्वतःही माहेरी आली आणि मला टॉर्च धरायला मुलीसोबत पाठवलं.

दारं उघडली. पहिल्या घरची बाई बाजेवर बसली आणि तिने बाही वर केली. "बीपी पाह्य माय." दुसऱ्या घरी एका आजोबांनी आम्हाला बघताच जीभ बाहेर काढली. तिसऱ्या घरी गुडघ्याचा एक्स-रे तयार होता.

मुलगी म्हणाली, "काकू, मी डॉक्टर नाही हो."

"माईत हाय, शिकून राह्यली अजून. सुई तं देता येत असन?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्चचं बटण तपासू लागलो.

घरी आल्यावर सगळं बाहेर आलं. मेव्हण्याला खरं माहीत होतं, पण आमच्याकडे सासुरवाडीत जावयाला कोणी खोटं पाडत नाही. म्हणूनच जावई इतके बोलत असावेत. सासूबाई म्हणाल्या, "गावभर सांगतलं म्या. आता नाई म्हणून कोनत्या तोंडानं सांगू?"

मी मार्ग काढला. मार्ग काढण्यात माझी सगळी नोकरी गेली आहे. "समजू दे ना डॉक्टर. तुला पाण्याचे ड्रम बघायचेत, ते बघ."

"बाबा, डॉक्टरला लोक खरं सांगतात का? तुम्ही सांगता? सकाळी फिरायला जातो म्हणून सांगून येता."

बायको स्वयंपाकघरातून हसली.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या घरी गेलो, तर नवरा आत गोधडी पांघरून पडलेला. अंग भट्टीसारखं तापलेलं.

"दवाखान्यात काहून नाई नेलं?" मी जरा जोरातच विचारलं.

त्याची बायको माझ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे येनार होती ना. मायबाई म्हने, दिवाळीत डॉक्टर घरीच येऊन राह्यली. मंग म्हटलं कायले दारव्ह्याले जा?" मायबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

माझ्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. आम्ही त्याला उचलून गाडीत घातलं आणि दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्याला ठेवून घेतलं, सलाईन लावलं. आणखी थांबला असता तर जड गेलं असतं, एवढं डॉक्टर म्हणाले. परत येताना मुलगी मागच्या सीटवर बसली होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया वाकलेल्या. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी गल्लीत नळ आला. बऱ्याच दिवसांनी आला होता, त्यामुळे सगळ्या बाया गुंड, बादल्या घेऊन बाहेर. मी ओट्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी मुलगी डॉक्टर नाही. मी साक्षगंधात खोटं बोललो. अंगावर दुखणं काढू नका, दवाखान्यात जा."

मग एक बाई म्हणाली, "डॉक्टर नाई, तं आमच्या ड्रमात काहून पाह्यते?"

"जवाईबापूले पुस, थेच डॉक्टर असतीन!" दुसरी म्हणाली आणि सगळी गल्ली हसली. पंचविसेक वर्षांचा जावईपणा त्या पाण्यासोबत नालीत गेला.

सकाळी दारं बंद. "आता वावरात चाललो." "आमचं पानी झाकून हाय." "घरधन्याले पुसा लागन." मुलगी पायरीवर बसली. "नाही होणार हे. मी मॅडमना कळवून टाकते." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. एवढ्या तरुण आवाजात तो मला ऐकवेना.

सासूबाई माझ्याशी आदल्या दिवसापासून बोलत नव्हत्या. त्या दारात येऊन मुलीला म्हणाल्या, "घरचं टाकं पाह्यलं का तू?"

मागच्या अंगणातलं सिमेंटचं टाकं. त्या टाक्याच्या स्वच्छतेवर सासूबाईंनी तीन सुनांना नावं ठेवली होती. झाकण मी सरकवलं, मुलीने आत उजेड पाडला. पाण्यात बारीक, काळपट अळ्या नुसत्या वळवळत होत्या. सासूबाईंनी झाकण लावून घ्यायला सांगितलं असतं, तर मी लावलं असतं.

त्यांनी स्टीलची वाटी बुडवली, पदर खोचला आणि वाटी घेऊन सरळ गल्लीत गेल्या. "ये वो! पाह्य, माह्या घरचे किडे!"

बाया आल्या. येणारच. वाटी हातोहात फिरली. "माय वो, मायबाईच्या घरी बी पोसून राह्यले!" सासूबाई उन्हात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. मुलीने अळीचा डास कसा होतो ते सांगितलं. तेवढ्यात जिने बीपी बघायला लावलं होतं, तीच म्हणाली, "माह्या ड्रमात बी असनच. चाल, पाह्य."

मग एकेक ड्रम उघडला. कोणी दगड ठेवलेले, कोणी लाकडी फळी, कोणी टिनाचा पत्रा. ते उचलणं माझं काम. मुलगी विचारत होती आणि बाया खरं बोलत होत्या. "नळ कवा येईन त्याचा काई भरोसा हाय का? पानी फेकलं तं प्याचं काय, पोरी?" मुलीने यावर काही उपदेश केला नाही. ती लिहीत राहिली, मग हळूच विचारलं, "मग निदान कापड बांधून ठेवलं तर?" एकजण म्हणाली, जुनं लुगडं आहे घरात, बांधून पाहू.

टोकाच्या घराने दार उघडलं नाही. "थे दवाखान्यातून येऊ द्या, मंग पाहू," आतून आवाज आला. मुलगी "बरं काकू" म्हणून फिरली. त्या बाईचं काही चुकत नव्हतं.

संध्याकाळी मी मान आणि कंबर धरून बाजेवर पडलो. निम्मी गल्ली झाली होती, निम्मी राहिली होती. मुलगी आत आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मी बायकोला म्हणालो, "उद्या सुरुवातीलाच मी चार शब्द बोलतो. पब्लिक हेल्थ म्हणजे काय, ते लोकांना नीट समजावून सांगतो."

तिने बामची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्या तुम्ही फक्त झाकणं उचला. बोलाचं थे पोरगी बोलन."