फ्रीजवर ढकललेलं पोट

औशात कुणालाही विचारा, माझी ही गोष्ट तुम्हाला तिखटमीठ लावून सांगतील. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा येईपर्यंत होईल सांगून.

माझं औशात कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. गिऱ्हाईक मला अण्णा म्हणतं आणि माझ्या भाषणाला घाबरतं, कारण एक पाकीट घ्यायला आलेल्या माणसाला मी ते वापरायचं कसं हे पाऊण तास सांगतो. दुकानातल्या भिंतीवर तर मी स्वतः लाल रंगानं लिहून ठेवलंय, ‘औषध मूळ डब्यातच ठेवा. लेबल वाचल्याशिवाय वापरू नका.’ ही पाटी लक्षात ठेवा, पुढं ती माझाच गळा धरणार आहे.

गेल्या वर्षी माझ्या आतड्यात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर काढलं आणि तिथं पिशवी लावली. जे मागच्या दारानं जायचं, ते आता पुढच्या दारानं पिशवीत येतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं ती बदलायची कशी ते नीट शिकवलं, पंधरा दिवसांत माझा हात बसला. शरीराचा काही त्रास नव्हता. त्रास होता तो लाजेचा.

साऱ्या बाजाराला मी सांगितलं, अपेंडिक्स काढलं. खरं फक्त बायकोला, सुमनला, ठाऊक. तिचा भाऊ बालाजी माझ्याच दुकानात काउंटरवर असतो, चांगला चाळिशीचा मिशीवाला माणूस, पण त्यालाही सांगितलं नाही. बालाजीला सांगणं म्हणजे रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवणं.

आता पिशवीचं एक असतं बघा. शर्टाखाली ती दिसत नाही, नीट लावली तर वासही येत नाही. पण आवाजावर आपला ताबा नाही. गॅस सुटला की पोट आपलं बोलतं, समोर कोण बसलंय ते बघत नाही.

त्या गॅससाठी आणि पोट सारखं बिघडायचं त्यासाठी डॉक्टरांनी मला प्रोबायोटिकची पाकिटं दिली. म्हणाले, “यात पोटाला उपयोगी पडणारे जिवाणू आहेत, जिवंत. थंड जागी ठेवा. रोज एक पाकीट, गार पाण्यात नाहीतर ताकात. गरम कशात घालू नका. अँटिबायोटिक चालू असलं तर दोन्हीत काही तासांचं अंतर ठेवा.”

मला हसू आलं. म्हटलं, “डॉक्टर, हे मला सांगता? सोयाबीनच्या बियाण्याला लावायचे जिवाणू मी दर जूनला विकतो. आधी बुरशीनाशक, मग अंतर ठेवून जिवाणू. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्याला चोळायचं, सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं की जिवाणू मेले.” डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, “रोज एक.”

पण माझं डोकं धंद्याचं. हलक्या रानाला आपण डोस वाढवून देतो की नाही? ऑपरेशननं आणि औषधांनी माझ्या पोटाचं पार माळरान झालेलं. मी मनाशी हिशेब केला आणि सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशी तीन पाकिटं सुरू केली. डॉक्टरला शेतीतलं काय कळतं?

आठवड्यात परिणाम दिसला. म्हणजे ऐकू आला.

एक गिऱ्हाईक तुरीच्या वाणाबद्दल विचारत होतं आणि माझ्या शर्टाखालून गुर्रर्र करून असा लांबलचक आवाज निघाला की ते बिचारं मागं सरकलं. शेजारी दुकानाचा जुना फ्रीज होता. मी त्याला जोरात थाप मारली आणि म्हणालो, “लई जुना झालाय.” गिऱ्हाईकानं मान डोलावली. मला वाटलं, काय डोकं आहे आपलं.

मग सवयच लागली. पोट बोललं की फ्रीजला थाप. दिवसातून दहा-बारा वेळा. बालाजीनं काळजीनं दोनदा मेकॅनिक आणला. त्यानं फ्रीज भिंतीपासून ओढला, मागून उघडला, पुन्हा लावला आणि शेवटी एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून गेला. आवाज काही थांबला नाही. थांबणार कसा? पुठ्ठा दुसऱ्याच्या पायाखाली होता.

दुसरा प्रश्न पाकिटं ठेवायची कुठं हा. घरच्या फ्रीजमध्ये ठेवावीत तर येणारा-जाणारा विचारणार, कशाची आहेत. म्हणून ती दुकानातल्या फ्रीजमध्ये ठेवली, सोयाबीनच्या जिवाणूंच्या रिकाम्या डब्यात. तिथं कोण बघतंय? पेरणीच्या तोंडावर, सोयाबीनच्या मुलखात, सोयाबीनच्या डब्यात कोण बघणार, हा विचार मी केला होता. यावरून माझी हुशारी तुमच्या ध्यानात यावी.

एका सकाळी दुकान उघडलं, पहिलं पाकीट घ्यायला डब्यात हात घातला तर डबा रिकामा.

“बालाजी, ह्यातला माल कुठाय?”

“काल तुमी जेवायला गेल्तात ना, तवा नागनाथ आल्ता. त्याला देऊन टाकला सगळा.”

“अरे, पाकीट वाचलं नाहीस?”

“वाचलं की. जिवाणूचं नाव हाय, एका पाकिटात कितीक कोटी त्ये लिवलंय, थंड जागी ठेवा म्हनलंय. नागनाथ म्हनला, औंदा पांढरं कसं? दरसाल काळं ऱ्हातंय. मी म्हनलं, नवीन आलंय.” जरा थांबून तो म्हणाला, “वर संत्र्याचं चित्र व्हतं, त्ये मातर मला बी कळलं न्हाई.”

त्याचं काही चुकलं नव्हतं, हे माझं दुर्दैव.

नागनाथ म्हणजे शिरूर अनंतपाळकडचा शेतकरी, माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. माझ्या शब्दावर पेरणारा माणूस. मी लगेच फोन लावला.

“नागनाथ, पेरलं का रे?”

“न्हाई अजून. बेणं चोळून वाळवलंय. टॅक्टर रानात हुबा हाय.”

“पेरू नको.”

“का म्हून?”

आता काय सांगू? “असंच. मी दुसरं पाकीट पाठवतो.”

“म्हंजे ह्ये बोगस हाय का?”

“नाही, नाही. चांगलं आहे. फार चांगलं आहे.”

“मंग पेरू का नको?”

“तुझ्या रानाला चालणार नाही.”

“मंग कुनाच्या रानाला चालतंय, अण्णा?”

मी फोन ठेवला. यापेक्षा वाईट काय करता आलं असतं सांगा. जूनचा महिना, माणूस पेरणीवर आलेला, आणि दुकानदार म्हणतो माल चांगला आहे पण पेरू नको. दोन तासांत त्याच्या गावात बातमी झाली की औशाच्या अण्णाचा माल बोगस निघाला, आणि अण्णा स्वतः फोन करून सांगतोय.

दुपारी दुकानासमोर एक जीप थांबली. नागनाथ उतरला, त्याच्यामागं सात-आठ माणसं, आणि एकाच्या डोक्यावर घमेल्यात तेच बियाणं. त्यानं ते स्टुलावर टेकवलं आणि सारं दुकान संत्र्याच्या गोळीसारखं घमघमलं. त्यांच्या पाठोपाठ तालुक्याचे कृषी अधिकारी आले. कुणीतरी तक्रार केली होती.

साहेब खुर्चीवर बसले, घाम पुसला आणि काउंटरवरचं खताचं माहितीपत्रक घेऊन वारा घालू लागले. “परवाना दाखवा. आणि हा माल कुठून घेतला त्याची पावती.”

परवाना दिला. पावती कुठली देऊ? ती लातूरच्या औषधाच्या दुकानाची, माझ्या नावाची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

नागनाथ म्हणाला, “साहेब, बेण्याला मुंग्या लागल्यात. आमची शेळी दावं तोडून आली वासानं. असलं कुठं औषद असतंय का?”

साहेबांनी नागनाथनं आणलेलं रिकामं पाकीट उलटंसुलटं बघितलं. “हे शेतीचं दिसत नाही. काय आहे हे?”

खरं बोललो तर सगळ्यांना पिशवी कळणार. नाही बोललो तर परवाना जाणार, नाव जाणार, आणि नागनाथ पुन्हा कधी पायरी चढणार नाही. डोळ्यांसमोर ती लाल पाटी. आणि नेमकं तेव्हाच, सगळे माझ्या उत्तराची वाट बघत असताना, माझ्या पोटानं तोंड उघडलं.

गुर्रर्र… पुर्र… पुर्र.

हात आपोआप गेला. फ्रीजला थाप मारली. “लई जुना झालाय, साहेब.”

बालाजी काउंटरवरून म्हणाला, “अण्णा, लाइट तर सकाळपास्नं न्हाई.”

सगळ्यांनी आधी वर बंद पंख्याकडं बघितलं. मग फ्रीजकडं. मग हळूहळू, एकेक करून, माझ्या पोटाकडं. साहेबांचं वारा घालणंही थांबलं.

आता लपवायला काय उरलं होतं? मी सांगून टाकलं. आतड्याची गाठ, ऑपरेशन, पिशवी, पाकिटं, तीन-तीनचा डोस, सोयाबीनचा डबा, सगळं. शर्ट जरा वर करून पिशवीची कडाही दाखवली, म्हणजे पुन्हा कुणी बोगस म्हणायला नको. वर्षभर ज्याला भीत होतो ते एवढ्या माणसांसमोर झालं होतं.

नागनाथनं घमेल्यातल्या बियाण्याकडं बघितलं. मग म्हणाला, “म्हंजे माज्या बेण्याला काय झालं न्हाई?”

“नाही. खरी पाकिटं आत्ता देतो, पुन्हा चोळून पेर.”

“आन् तुमाला?”

“मलाही काही नाही. गाठ गेली.”

“मंग बसा की. हुबे का म्हून ऱ्हायलाव?” असं म्हणून त्यानं घमेलं स्टुलावरनं खाली ठेवलं आणि स्टूल माझ्याकडं सरकवलं. मी बसलो, आणि त्या वर्षात पहिल्यांदा पोट आत न ओढता बसलो.

नागनाथनं लिहून दिलं की तक्रार नाही. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. जाताना मला काही बोलले नाहीत, फक्त भिंतीवरच्या लाल पाटीकडं बोट केलं आणि गेले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुमन मला लातूरला घेऊन गेली आणि डॉक्टरांसमोर तिनंच तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, “मी किती सांगितली होती?”

“एक.”

“मग तीन का?”

“मला वाटलं, रान हलकं आहे.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. चार दिवस पावडर बंद, मग रोज एक, आणि काहीही वाढवायचं-कमी करायचं तर आधी त्यांना फोन. आठ दिवसांत पोट गप्प झालं. नागनाथचं सोयाबीनही छान उगवलं. तो मात्र सगळ्यांना सांगतो की ते दोन्ही औषधांनी उगवलंय.

आता तुम्ही म्हणाल, झालं, संपलं. ऐका.

महिनाभरानं चाकूरचा एक माणूस दुकानात आला. बी नको, खत नको, नुसता घुटमळत उभा. गर्दी कमी झाल्यावर हळूच म्हणाला, “आमच्या आबांना बी पिशवी बसवलीय. कुणाला सांगत न्हाईत, घराबाहिर पडत न्हाईत. तुमचं नाव ऐकलं म्हून आलो.” मला फार बरं वाटलं. त्याला समोर बसवलं आणि माझं पाऊण तासाचं भाषण लावलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, सांगितलं तेवढंच घ्यायचं, आणि आबांना म्हणावं लाजायचं काही कारण नाही.

मी असा रंगात आलेलो, आणि शेजारून आवाज आला. गुर्रर्र.

चाकूरकरानं मान खाली घातली. “असू द्या, अण्णा. आबांचं बी तसंच हाय.”

“अरे, हा फ्रीज आहे.”

“हाव हाव,” तो समजुतीनं म्हणाला.

“खरंच फ्रीज आहे. बालाजी, सांग त्याला.”

“फ्रीजच हाय,” बालाजी म्हणाला, आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मिशीत हसून घेतलं.

मी चिडून त्याच पुठ्ठ्यावाल्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला, पण पाना काढला नाही, फ्रीजकडं ढुंकून बघितलंही नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “अण्णा, फ्रीज ठणठणीत हाय. तुमीच एकदा लातूरला दाखवून या.”