वरच्या मजल्यावरची पट्टी

आमच्या घोटावड्याच्या घराला वर जायला बाहेरून जिना आहे. वर ऑफिस आल्यापासून त्या जिन्याखाली जुन्या चपला साठत गेल्यात. कोण कधी सोडून गेलं ते कळत नाही आणि टाकायला हात धजत नाही. वरच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. आज निवांत बसलोच आहोत, तर त्यातले काही सांगतो. मी सातवी शिकलेला, भातखाचरात जन्म गेलेला माणूस. कंप्युटरचं काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वरचा मजला एका छोट्या कंपनीनं भाड्यानं घेतलाय. कारखान्यातल्या यंत्रांसाठी कंप्युटरवर चालणारे प्रोग्रॅम तिथं बनतात. माणसं दोनच. पुण्याचा ओंकार, तो सीनियर. आणि पौडची नफिसा, रोज स्कूटीवरून येते. साहेब पुण्यात बसतात, आठवड्यातून एकदा चक्कर टाकतात. मी सकाळी कुलूप काढतो, दोन वेळा चहा नेतो आणि खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसतो. मला कुणी ऊठ म्हणत नाही.

गेल्या भादव्यात साहेब आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मुठ्याच्या भातगिरणीचं काम पास झालं तर हे ऑफिस ठेवू. नाहीतर दोघांनी पुण्याला यायचं."

ओंकारला काय, तो पुण्याचाच. नफिसाची आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून पुणं गाठणं पोरीला जमण्यातलं नव्हतं, म्हणजे नोकरीच सुटणार. त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही. तिचा कप मी खाली आणला आणि बराच वेळ हातातच धरून बसलो.

*

गिरणीत ओलं भात वाळवायचं नवं यंत्र आलं होतं. भात किती वाळलं ते पडद्यावर दिसायला हवं होतं. काम चालू असताना हळूहळू भरत जाणारी पट्टी असते ना, तशी. ही मंडळी तिला प्रोग्रेस बार म्हणतात. मी पट्टीच म्हणतो, आणि आता तीही पट्टीच म्हणायला लागलीत.

पहिल्या दिवशी नफिसाच्या पडद्यावर पट्टी भरताना बघितली. मी विचारलं, "काय भरतीय गं ही?"

"काही नाही आबा. चालते का बघायला नुसतीच भरतीय."

मी बघत राहिलो. पट्टी काठोकाठ भरली, रिकामी झाली, परत भरायला लागली. तीनदा तसंच.

"मग आत काय न्हाई, हे तिला ठावं हाय का?"

ओंकार मान वर न करता म्हणाला, "नाही आबा. म्हणून तर एवढ्या उत्साहानं भरतीय."

*

ओंकारनं आधी एका कारखान्यासाठी पट्टी केली होती. ती एका दमात नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत जायची आणि तिथं जी उभी राहायची, ती दहा मिनिटं हलायची नाही.

मी म्हणालो, "असं का रं?"

"खरं काम शेवटीच असतं आबा. पण सुरुवातीलाच नव्व्याण्णव दिसलं की माणसाला धीर येतो."

"धीर न्हाई रं. घोर लागतो."

ओंकार हसला. नफिसा हसली नाही. तिनं एका चिठ्ठीवर 'धीर की घोर?' असं लिहिलं आणि ती पडद्याच्या कडेला चिकटवली. त्यानंतर पट्टीत काहीही बदललं की ती खुर्ची फिरवून माझ्याकडं बघायची. मला काय सांगावं ते कळायचं नाही. चुकीचं बोललो आणि पोरीचं काम गेलं तर, या भीतीनं मी नुसता चष्मा पुसत बसायचो.

*

ही पट्टी कंप्युटरमध्ये तयारच मिळते, हिरव्या रंगाची. पण तिचा रंग बदलायचा आणि वर आकडा लिहायचा तर तयार पट्टी चालत नाही, सगळी आपल्या हातानं काढावी लागते. नफिसानं काढली. मग ती लुकलुकायला लागली. सारखी उघडझाप.

मला वाटलं, लाईट कमीजास्त होतीय. मी कुणाला न विचारता वायरमन शंकरला बोलावून आणलं. त्यानं मीटर उघडला, वायरी आवळल्या, स्टुलावर चढून पंखासुद्धा बघितला. तासाभरानं घाम पुसत म्हणाला, "आबा, करंट एकदम बराबर हाय. बाईंची पट्टीच तापलीया. तिला जरा झोपू द्या."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा नफिसा मोठ्यानं हसली. मग तिनं मला समजावलं. कंप्युटर जुनी पट्टी पुसतो आणि नवी काढतो, मधलं पुसणं डोळ्याला दिसतं. आता ती मागच्या मागं सगळं रंगवून घेणार होती आणि पुरी झालेली पट्टी एकदम पुढं आणणार होती.

"म्हंजी नवरी नटवून मगच भायेर आणायची," मी म्हणालो.

"हां आबा. आम्ही मेकअप करतानाच दाखवत होतो लोकांना."

*

पट्टी चालताना कशी दिसते त्याचा व्हिडिओ तिनं गिरणीचे मालक बाळासाहेब यांना पाठवला. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन.

"पोरी, आमचं भात कुटं चाललंय?"

झालं होतं असं, की भात वाळतं तसा ओलाव्याचा आकडा खाली येतो. तिनं तो आकडाच पट्टीला लावला होता. म्हणजे भात जसजसं वाळेल, तसतशी पट्टी रिकामी.

"काका, भात नाही, पाणी चाललंय."

"ते तुला ठावं. यंत्रावरचा आमचा किसन बघंल तर म्हणंल, यंत्र भात खातंय."

तिनं पट्टी उलटी केली. काम दहा मिनिटांचं होतं, पण ती ते चारचारदा तपासून बघत होती. ओंकार समजुतीनं म्हणाला, "घाबरू नकोस, चाचणीला अजून तीन दिवस आहेत." ते ऐकून ती जास्तच घाबरली. मीपण.

*

गिरणीतल्या चाचणीला साहेबांनी नफिसाबरोबर मलाही गाडीत घेतलं. पट्टीचे रंग साहेब, ओंकार आणि नफिसा या तिघांनी मिळून ठरवले होते. सुरुवातीला लाल, मग पिवळी, भात तयार झालं की हिरवी. मला दाखवली तेव्हा काहीतरी खटकलं होतं. काय ते नीट कळेना, म्हणून बोललो नाही. शिकलेल्या माणसांनी ठरवलेलं होतं.

यंत्रावर किसनराव होते. माझ्याच वयाचे, डोक्याला टॉवेल. यंत्र सुरू झालं. पट्टी लाल लाल सरकत राहिली. नफिसा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तासाभरानं पट्टी पिवळी झाली, तेव्हा तिनं श्वास सोडला आणि पाणी प्यायला बाहेर गेली.

परत आली तर यंत्र गप्प.

बाळासाहेबांनी दाणा दाताखाली धरला. "ओलं हाय."

साहेबांनी नफिसाकडं बघितलं. "प्रोग्रॅम बंद पडला?"

किसनराव म्हणाले, "पडला न्हाई, म्या बंद केला. पिवळं झालं की."

"काका, पिवळं म्हणजे अर्धंच झालंय. हिरवं झालं की तयार."

"हिरवं तयार?" किसनराव तिच्याकडं नाही, माझ्याकडं वळले. "पाव्हणं, हिरवं भात कापत्यात का तुमच्याकडं?"

मी मान खाली घातली. मला काय खटकलं होतं ते तेव्हा कळलं.

नफिसा गिरणीच्या कंप्युटरपुढं बसली आणि तिनं रंग बदलले. सुरुवातीला हिरवी, शेवटी पिवळी. भात परत आत गेलं. साहेब सारखे घड्याळ बघत होते. मी पोत्यावर बसून पट्टीकडं बघत होतो आणि ती हलतच नाही असं मला वाटत होतं. हिरवी, हिरवी, हिरवी. मग काठाला लागली आणि पिवळीधमक झाली.

किसनरावांनी यंत्र थांबवलं, दाणा चावला. कट्ट. बाळासाहेबांनी चावला. कट्ट.

"हेच ठेवा," बाळासाहेब साहेबांना म्हणाले. "आन पुढं काय बी लागलं तर ही पोरगी हितंच, जवळ पायजे. मी पुण्याला फोन लावत बसणार न्हाई."

साहेब हो म्हणाले. नफिसा पोत्यांकडं तोंड करून उभी राहिली.

साहेबांनीही एक दाणा उचलून चावला. मग दुसरा. बराच वेळ चघळून म्हणाले, "मला तर काहीच कळत नाही."

"तुमाला न्हाई कळायचं साहेब," किसनराव म्हणाले. "तुमच्यासाठीच तर पट्टी केलीया पोरीनं."