नाव चुकलं, बाहेर

मुरबाडच्या मैदानावर रग्बी खेळताना कुणा मुलीला लागलं, तर तिनं पुढे खेळायचं की बाहेर बसायचं, हे मी ठरवतो. मी डॉक्टर नाही. भातसानगरला धरणाच्या वसाहतीत पंप चालवतो. तिथं एकदा प्रथमोपचाराचं शिबिर झालं. बेशुद्ध माणूस व्हायला कुणी तयार होईना, म्हणून मी झालो आणि शेवटपर्यंत पडून राहिलो. बँडेज कसं बांधतात ते मला बांधून घेणाऱ्याच्या बाजूनंच ठाऊक आहे. एवढ्या भांडवलावर धसईच्या मुलींना शिकवणाऱ्या रश्मी मॅडमनी माझ्या हातात औषधांची पेटी दिली. म्हणाल्या, "रत्नदीपदादा, आजपासून तुमी आमचे मेडिकल."

खेळ मला अजून नीट कळलेला नाही. चेंडू पुढे न्यायचा, पण हातानं फेकायचा मागेच. वर्षानुवर्षं बढतीची वाट पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगायला हवं होतं.

नियम मात्र पाठ आहे. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. डोकं आपटलेलं दिसलं की तिला प्रश्न विचारायचे. मैदान कोणतं, वार कोणता, नाव काय. "लागलं का?" विचारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे त्याचं उत्तर एकच, "नाय." हात मोडून लोंबत असला तरी नाय. वाराचा प्रश्न मी पुढे सोडून दिला. पाळ्यांच्या नोकरीत वार मलाच ठाऊक नसतो. एकदा एका पोरीनं बरोबर वार सांगितला आणि मी तिला बाहेर काढलं होतं.

संघात मिताली सगळ्यांत चांगली. धसईची सून, माहेर वैशाखऱ्याचं. अंगानं बारीक, पण चेंडू काखेत घेऊन निघाली की अडवणाऱ्या मुली तिच्या कमरेला लोंबकळत फरफटत यायच्या. तिच्या सासूनं, जानकीबाईंनी, अट घातली होती. यंदा जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळायचं, नाहीतर हा शेवटचा मोसम. निवड करणारे मुरबाडला आले, त्या दिवशी जानकीबाईही छत्री घेऊन मैदानाच्या कडेला बसल्या. शेजारी मितालीचा नवरा प्रणय.

सामन्याच्या उत्तरार्धात मितालीचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. ती पडली आणि लगेच उठली. मी धावलो. वाटेत पेटी उघडली, कात्री पडली, एक चप्पल मागे राहिली. मी पोहोचलो तेव्हा ती ताठ उभी आणि मी वाकून धापा टाकतोय. पंचांनी विचारलं, लागलंय कुणाला?

मी विचारलं, "नाव काय तुझं?"

"मैना."

मी हात वर केला. बाहेर!

आम्ही कडेला येताच जानकीबाई उठल्या. "कशापायी काढली हिला?"

"स्वतःचं नाव विसरली हो. मैना म्हणते."

"अवो, मैनाच हाय ती! माहेरची मैना. मिताली आमी ठेवलं. ह्या प्रणयनं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं लग्नात."

सगळं मैदान हसलं. आमच्या घरात सुनेचं नाव बदलायची पद्धत नाही. माझी बायको लग्नाआधी रुपा होती, आजही रुपाच आहे. बदलला तो फक्त माझ्याशी बोलतानाचा आवाज.

प्रणय म्हणाला, "काका, डोकं आपटलं की खरं बाहेर येतं."

"दोन वर्सं झाली," जानकीबाई सुनेकडे वळल्या, "आजून मैनाच काय गो?"

मैना माझ्याकडे बघत होती. "काका, मला काय नाय झालं. आत जाऊ द्या. निवडीवाले बघतायत."

"बस."

"नाव तर बरोबर निघालं ना?"

बरोबर निघालं होतं. पण सरावात मी तिला कितीदा तरी नाव विचारलं होतं, दर वेळी ती मिताली म्हणाली होती. मग आजच मैना का? त्यात काही नसेलही. कदाचित चारचौघांत वर केलेला हात खाली घ्यायची मला लाज वाटली असेल. यातलं खरं काय, ते मी अजून छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी एवढंच म्हणालो, "नाय. आज नाय."

ती बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "स्कोअर काय झाला?" मी सांगितला. परत म्हणाली, "स्कोअर काय झाला?" या वेळी प्रणयनं सांगितला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, तेव्हा कुणीच हसलं नाही. जानकीबाईंनी छत्री तिच्या डोक्यावर धरली. "मैना गो, हिकडं बघ माझ्याकडं."

मुरबाडच्या डॉक्टरांनी तपासलं. मेंदूला हादरा बसलाय, म्हणाले, घरी विश्रांती, महिनाभर मैदान नाही. बरं झालं, वेळेवर काढलंत. रश्मी मॅडमनी माझी पाठ थोपटली. मीही मान हलवली, जणू सगळं आधीपासून ठाऊक होतं.

निवड अर्थातच हुकली. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी जानकीबाईंना भीत भीत विचारलं, "मग आता तिचं खेळणं?"

"यंदाचं कशाला धरायचं? पुरी खेळलीच कुठं ती? पुढच्या वर्सी बघू."

आता सामन्याआधीच मी प्रत्येकीला नाव विचारून ठेवतो, माहेरचं आणि सासरचं. एक पोरगी म्हणाली, "काका, सासरचं आजून जमतंय कुठं, तुमीच बघा एखादं."

यंदा मैना परत आली. पहिल्या सामन्याआधी मी गंभीर चेहरा करून विचारलं, "नाव काय तुझं?"

"कंचं पायजे?"

मी गोंधळलो. कडेवरून जानकीबाई ओरडल्या, "मैनाच धरा वो! डोकं आपटल्यावर तेवढंच ऱ्हातंय तिच्याजवळ."