सूर्याच्या आधी निघणारी आजी

आमच्या आजीला हळू आवाजात प्रार्थना करताच येत नसे. देव काही बहिरा नाही, असं बाबा तिला सांगून थकले. तिचं उत्तर ठरलेलं असे, "तो नाई बहिरा. पन त्याच्याजवळ गर्दी केवढी! माहा आवाज पोचाले नको?"

समुद्रपूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. बाकी सगळी कास्तकारांची. तरी आजीच्या सकाळच्या प्रार्थनेत अख्खा गाव असे. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची म्हैस आटली, कुणाचा जावई रुसून बसलाय, सगळं नावानिशी देवाच्या कानावर जाई, आणि अर्थातच शेजाऱ्यांच्याही. पण कुणी रागावत नसे. उलट कुंपणापलीकडून अंजनाकाकू ओरडत, "आजी, आज माह्या म्हशीचं नाव नाई घेतलं काऊन?"

"थांब वो, आमेन म्हणाचंच हाय अजून!" असं म्हणून आजी पुन्हा डोळे मिटे.

तिचा रविवार शनिवारी दुपारीच सुरू होई. पांढऱ्या लुगड्याला नीळ, चपलांना खोबरेल तेल, आणि आम्हा नातवंडांच्या डोक्यालाही तेच. सकाळी एसटी यायच्या कितीतरी आधी आम्ही फाट्यावर ताटकळत उभे. समुद्रपूरला उतरताना ती कंडक्टरला न चुकता आमंत्रण देई, "तू बी येजो बाप्पा चर्चमध्ये." तो हसून म्हणे, "ड्यूटी हाय, आजी." "मंग तुह्यासाठी बी मीच मांगून घेतो," असं म्हणून ती तुरूतुरू पुढे.

पण खरी धमाल ईस्टरची! त्या दिवशी चर्चची सगळी माणसं उजाडायच्या आत कबरस्तानात जमत आणि सूर्य वर येताना प्रभू मरणातून उठल्याचं गाणं म्हणत. आमचे आजोबा शाळामास्तर होते, त्यांची कबर तिथेच. आजीचा हट्ट एकच. "सूर्य निंगाच्या आंधी मले मास्तरजवळ उभं राहाचं हाय. सगळे मेलेले उठतीन त्या दिवशी त्याइले पयले मीच दिसली पाहिजे." माझ्या आठवणीत तिने सूर्याला एकदाही पुढे जाऊ दिलं नव्हतं.

त्या वेळेला एसटी कुठली! शेजारचे सुखदेवकाका बैलबंडी जुंपत. काका मारुतीचे भक्त. आम्हाला सोडून ते कबरस्तानाच्या फाटकाबाहेर बैलांपाशी बसून राहत. एकदा मोठा सण म्हणून त्यांनी भक्तिभावाने फाटकावर नारळच फोडला. चर्चचे पाळकसाहेब गोंधळून बघत राहिले. आजीने मात्र खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटलेसुद्धा. "सणाले आला तर रिकाम्या हातानं येईन का तो?" पाळकसाहेबांनीही मुकाट्याने तुकडा तोंडात टाकला.

आजीने वयाची ऐंशी ओलांडल्यावरची गोष्ट. आजी विहिरीपाशी पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. त्या ईस्टरला बाबा ठाम नाही म्हणाले. बंडीचे धक्के तिला सोसणार नव्हते. आजी कडाडली, "उठणारा उठून राह्यला, आन मी झोपून राहू?"

सुखदेवकाकांनी बंडीत गव्हाचं कुटार, म्हणजे मऊ भुसा, भरलं, वर गोधड्या अंथरल्या, आणि आम्ही आजीला उचलून वर ठेवलं. काका मुद्दाम सावकाश हाकत होते. आजी पडल्या पडल्या बैलांवर ओरडत होती, "चाला रे बाप्पाहो, झोपले का?" समुद्रपूर अजून लांब होतं आणि पूर्वेला तांबडं फुटलं. आजी एकदम गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

"थांबव रे, सुखदेव," ती म्हणाली. "बसवा मले."

आम्ही तिला टेकवून बसवलं. कापणी झालेल्या शेतामागून सूर्याची कड वर आली आणि आजीने तिथेच, रस्त्यात, गाणं सुरू केलं! पहिलं कडवं होता होता तिला धाप लागली. बाबा आणि मी तिला दोन्ही बाजूंनी सावरण्यात गुंतलो. तेवढ्यात पुढून एक जाडाभरडा आवाज आला. सुखदेवकाका! बैलांकडे तोंड करून, मागे न बघता, त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

"तुले कसं येते रे?"

"इतके वर्सं फाटकाजवळ बसून राह्यलो, आजी. कान का घरी ठेवून येत होतो?"

आजी खुबा धरून इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कबरेपाशी पोचलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. ती आजोबांना म्हणाली, "मास्तर, मले उशीर झाला. पन गाणं वेळेवर झालं."

त्याच पावसाळ्यात आजी गेली. आजोबांच्या शेजारीच तिला जागा मिळाली. त्या दिवशी सुखदेवकाका फाटकाच्या आत आले होते. पाळकसाहेब पुस्तकात माती देतानाचं गीत शोधत होते, तेवढ्यात काकांनी आपणहून, मोठ्याने, ईस्टरचं गाणं सुरू केलं. ते त्या वेळेला म्हणायचं गाणं नव्हतं. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि आम्ही सगळ्यांनी काकांच्या मागून तेच म्हटलं.

काकांना तेवढं एकच गाणं येत होतं.